मेबलची कोंबडी

नेदर थॉर्पिंगात घरं अकरा, चर्च एक, आणि त्याची किल्ली हेस्टर पिल्बीमकडे. एकतीस वर्षं. किल्ली वीतभर लांब, हेस्टरची जीभ त्याहून लांब. बाई चर्च झाडते, पितळ घासते, घंटा वाजवते, आणि रविवारी जो आला नाही त्याला आठवडाभर ऐकवते.

पाद्रीबाई महिन्यातून एकदा येतात. त्यांच्या गळ्यात सात गावं. मागच्या खेपेला त्या सांगून गेल्या, पुढच्या वेळी सहा माणसंही जमली नाहीत तर वरचे लोक इथली प्रार्थना बंद करून दाराला कायमचं कुलूप लावणार. हेस्टरने बोटं मोजली. पाच. तीसुद्धा स्वतःला धरून.

सहावा होता की, भिंतीपलीकडचा कथबर्ट ट्रिग. पण तो नऊ वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता, आणि ते हेस्टरचंच कर्तृत्व. इथे गुडघे टेकायला प्रत्येकाची आपापली उशी असते, घरच्या बाईने भरतकाम केलेली. कथबर्टच्या बायकोने, मेबलने, देवाघरी जायच्या आधी त्याच्या उशीवर तांबडी कोंबडी भरली होती. बिशप यायचे होते, तेव्हा देवापुढे कोंबडी बरी दिसत नाही म्हणून हेस्टरने ती कपाटात कोंबली आणि जागी साधी निळी ठेवली. कथबर्टने निळी बघितली, टोपी घातली, निघून गेला.

आता कपाट उघडलं, तर कोंबडीचं डोकं उंदरांनी खाल्लेलं. जिला धड बटण लावता येत नाही ती हेस्टर तीन दिवस सुई घेऊन बसली. शनिवारी उशी घेऊन त्याच्या वाफ्याशी गेली. सहा माणसांचं, कुलपाचं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ती मीच काढली होती. चुकलं माझं."

कथबर्टने हात पुसले, उशी फिरवून बघितली.

"हा बटाटा कसला?"

"डोकं आहे ते."

"मेबल हसून लोळली असती," तो म्हणाला. उशी ठेवून घेतली, पण येतो म्हणाला नाही.

रविवारी चार जण बसलेले, पाद्रीबाई घड्याळाकडे बघतायत, आणि हेस्टर घंटा वाजवतेय ती वाजवतेच आहे. खांदे भरून आले. तेवढ्यात दार करकरलं. काखेत उशी.

"पुरे कर गं आता," कथबर्ट म्हणाला. "आलोय ना."

प्रार्थना संपल्यावर त्याने उशी पुन्हा काखेत मारली. हेस्टर म्हणाली, इथेच राहू दे.

"तुझ्या कपाटावर माझा भरवसा नाही. पुढच्या महिन्यात आणतो परत."

हेस्टरने दाराला कुलूप लावलं. नेहमीचंच, तिच्या वीतभर किल्लीचं.