पुस्तकात नसलेला माळी

नाझारेनाबद्दल लिहायचं तर आधी स्वतःची लाज वेशीवर टांगावी लागते. म्हणून सहा वर्षं टाळत आलो.

आमच्या मोंतेलार्गोच्या नगर-वाचनालयात ती वीस वर्षं नोकरीला आहे. त्याआधी बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायची. आठवीनंतर शाळा सुटली, चौदाव्या वर्षी कारखान्याच्या बाकावर बसली आणि छत्तिसाव्या वर्षी मालकानं सगळा कारखाना उचलून रुमानियाला नेला तेव्हा त्या बाकावरून उठली. नगरपालिकेनं अशा सहा बायकांना कामं दिली. पाचजणींना शाळांच्या स्वयंपाकघरांत पाठवलं. नाझारेनाची पाठ धरलेली, मोठी पातेली उचलायला ती कामाची नव्हती, म्हणून तिला वाचनालयात धूळ झटकायला लावलं.

इंग्रजी पुस्तकांचं कपाट तिच्या गळ्यात पडलं तेही असंच. आमच्या टेकड्यांवरची पडकी शेतघरं विकत घेऊन इंग्रज मंडळी राहायला येतात. त्यांतलं कुणी मायदेशी गेलं किंवा देवाघरी गेलं, की पुस्तकांची खोकी वाचनालयाच्या दारात येऊन पडतात. शिवाय शाळेच्या पोरांसाठी घेतलेली चाळीसेक दुभाषी पुस्तकं होती, डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर आपली इटालियन. वाचनालयातल्या बाकी दोघांनी हात वर केले आणि म्हणाले, "नाझारेना, हे कपाट तू बघ." तिला इंग्रजी येतं का, हे कुणी विचारलं नाही. तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

दुभाषी पुस्तकं तिनं उजव्या बाजूनं वाचून संपवली. निव्वळ इंग्रजी पुस्तकांसाठी मात्र तिनं एक नियम काढला. पुस्तक परत आणणाऱ्यानं गोष्ट सांगायची, त्याशिवाय सुटका नाही. "मग काय झालं? शेवटी ती घरी येते का? आणि त्या भावाचं काय?" असं खोदून खोदून विचारायची आणि चौकड्यांच्या वहीत सगळं उतरवून घ्यायची. खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुढच्या वाचकाला तीच गोष्ट, शेवट तेवढा हातचा राखून, अशी रंगवून सांगायची की तो पुस्तक घेतल्याशिवाय जायचाच नाही. नाझारेनानं अख्खं कपाट वाचलंय, असाच गावाचा समज होता. इंग्रज बायकासुद्धा तिला विचारून पुस्तक न्यायच्या.

खरा प्रकार मला पहिल्याच महिन्यात कळला, कारण मलाही इंग्रजी येत नव्हतं.

मी गावातला औषधवाला, सेत्तीमियो ब्राकालेंते. चौकातलं दुकान वडिलांपासूनचं. कॉलेजात जाऊन आलो म्हणून गाव मला डॉक्टर म्हणतं. आमच्या वेळी शाळेत फ्रेंच शिकवायचे, इंग्रजीशी माझा संबंध औषधांच्या नावांपुरता. पण एकदा सकाळी कॉफीच्या बारमध्ये, दहा जणांच्या देखत, एल्वेत्सिया बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तर ही इंग्रजी पुस्तकं मुळातूनच वाचत असाल!" बाई निवृत्त शिक्षिका, अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत आणि उरलेल्या अर्ध्याला टोमणे. मी म्हणालो, "अर्थातच."

तो एक शब्द चांगलाच अंगाशी आला. दर महिन्याला एक पुस्तक काखेत मारून चौकातून जाणं भाग पडलं. दुभाषी पुस्तकांवर काही वर्षं निभावलं. बारमध्ये बसलो की उजव्या पानावर वर्तमानपत्र ठेवायचो, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजी पानच दिसायचं. घरी गेलो की वर्तमानपत्र बाजूला. पण चाळीस पुस्तकं पुरून पुरून किती पुरणार? ती संपली आणि मी निव्वळ इंग्रजीवर आलो. परत करताना नाझारेना वही उघडून बसलेलीच असायची. मी मुखपृष्ठ बघून थापा मारू लागलो.

हिरव्या वेष्टणाचं ते जाड पुस्तक असंच परत केलं. मुखपृष्ठावर एक पाठमोरी बाई आणि भिंतीआडची बाग. मी म्हणालो, ही बाई हळूहळू आंधळी होत जाते. घरचे लोक तिला शहरात न्यायला बघतात, पण तिचा जीव बागेत. मग म्हातारा माळी सगळी बाग उपटून वासाप्रमाणे नव्यानं लावतो. विहिरीपाशी पुदिना, पायऱ्यांपाशी लव्हेंडर, दारापाशी गुलाब. ती नाकानं वाट काढत एकटी फिरू लागते. ती गेल्यावरसुद्धा माळी वाटेवरची कुंडी रोज सरकवून ठेवतो, तिच्या पायाला लागू नये म्हणून.

नाझारेनानं पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. "डॉक्टर, या कपाटात याच्याहून चांगलं पुस्तक नाही हो." मला तेव्हाच शरम वाटायला हवी होती. उलट छाती फुगली. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की आज नाझारेनाला रडवलं.

चार वर्षं त्यावर धूळ बसली. मग आमच्या तार्चीझियोच्या डोक्यात आलं, की शनिवारी संध्याकाळी 'दोन भाषांतली पुस्तकं' असा कार्यक्रम करायचा. तार्चीझियो म्हणजे नगरपालिकेत संस्कृतीचं खातं सांभाळणारा नगरसेवक. तसा त्याचा टायरचा धंदा. टेकडीवरची बेरिल, नवरा गेल्यापासून एकटी राहणारी इंग्रज बाई, एक पान इंग्रजीतून वाचणार आणि नाझारेना ती गोष्ट आपल्या भाषेत सांगणार. बेरिलनं पुस्तक निवडलं ते हिरवं. तिच्या नवऱ्याचं लाडकं होतं, तिनंच ते वाचनालयाला दिलं होतं.

नाझारेना धावतच माझ्या दुकानात आली. "डॉक्टर, ऐकलंत का? आपल्या माळ्याचं पुस्तक! मी तोंडपाठ सांगणार, वहीत बघणारसुद्धा नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं हं, नाहीतर माझे पाय लटपटतील."

"दुसरं एखादं पुस्तक घे की," मी म्हणालो. "हे जरा रडकं आहे."

"रडू दे की लोकांना! तुम्ही का घाबरताय? उभं तर मला राहायचंय."

आठ दिवस माझ्या हातात होते. दोनदा वाचनालयात गेलो. पहिल्यांदा तिथं शाळेची पोरं होती, म्हणून बोललो नाही. दुसऱ्यांदा चिटपाखरू नव्हतं. नाझारेना मला निळा झगा दाखवत होती, शनिवारसाठी बहिणीकडून आणलेला. "बरा दिसतो ना?" असं विचारत होती. मी म्हणालो, छान दिसतो. आणि तिथून निघून आलो.

शनिवारी पाच वाजता वाचनालयाची खालची खोली भरली. सारण भरून तळलेली ऑलिव्ह होती, बायकांनी केक आणले होते. बेरिलनं चष्मा लावून पान वाचलं. मी पहिल्या रांगेत बसून अधूनमधून मान डोलावत होतो. एल्वेत्सिया बाईंची नजर माझ्याकडे वळली की जरा जास्तच.

मग नाझारेना उठली. वही मिटूनच हातात धरली आणि गोष्ट सांगितली. देवाशपथ, मी सांगितली होती त्याच्या दसपट चांगली सांगितली. कुंडीपाशी आली तेव्हा खोलीत कुणी हलेना. एल्वेत्सिया बाई नाक शिंकरत म्हणाल्या, "बेरिल, तुमचा नवरा मोठा रसिक हो! असं पुस्तक आवडायचं त्याला!"

बेरिलनं हातातल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटून बघितलं. आमची भाषा ती मोडकी बोलते, पण आडपडदा ठेवत नाही. "गोष्ट फार सुंदर आहे, नाझारेना. पण ती या पुस्तकातली नाही. यात माळीच नाही. ही बाई पहिल्याच पानावर मरते. मी आत्ता तेच पान वाचलं ना!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोलीच हसली. ज्यांना त्या पानातलं ओ की ठो कळलं नव्हतं, ते सगळ्यात मोठ्यानं हसले.

"म्हणजे तू पुस्तक वाचलंच नाहीस?" तार्चीझियोनं विचारलं.

नाझारेनानं वही उघडली. पान तिला लगेच सापडलं. त्या पानाच्या तळाशी तिच्या गोल अक्षरात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. तिनं वर माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मी उभा राहून 'ही थाप माझी' एवढे तीन शब्द बोलू शकलो असतो. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

तिनं वही मिटली. "नाही वाचलं. मला इंग्रजी येत नाही. चित्र बघून मीच रचलं."

"इतकी वर्षं?" तार्चीझियो म्हणाला. "अगं, कमाल आहे तुझी!"

एवढ्यात एल्वेत्सिया बाई माझ्याकडे वळल्या. "पण डॉक्टर, तुम्ही तर हे पुस्तक वाचलंय! तुम्ही का नाही थांबवलं तिला?"

आणि मी म्हणालो, "बिचारीचा विरस कशाला करायचा, म्हणून गप्प बसलो."

लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नाझारेना ऑलिव्हच्या रिकाम्या बशा गोळा करू लागली. आयुष्यात मी बरंच काही खोटं बोललो असेन, पण त्या वाक्याइतकं नीच दुसरं काही बोललेलो नाही.

सोमवारी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत होती.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेणार होते," ती म्हणाली. "तोंडापर्यंत आलं होतं. पण मी काय, स्टुलावरून पडले. तुम्ही घंटेच्या मनोऱ्यावरून पडला असतात."

"रागावली नाहीस?"

"रागावले की! काल दिवसभर तुम्हाला शिव्या घातल्या, नवऱ्याला विचारा. आंधळी बाई खोटी, माळी खोटा. मी त्या माळ्यासाठी दोनदा रडले हो डॉक्टर!" मग चिठ्ठीवर अंगठा दाबत म्हणाली, "हे कपाट तेवढं माझ्याकडे राहू दे. बाकी लोक काय, हसून विसरतील."

लोक विसरले नाहीत. गुरुवारी तार्चीझियो दुकानात आला. कपाट आता जाणत्या माणसाच्या हातात द्यायचं ठरलंय, म्हणाला. जाणता माणूस म्हणजे मी. पगार नाही, मान आहे. नाझारेनाला वरच्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांकडे पाठवणार होते. आता मात्र बोलायचंच, असं मी ठरवलं.

शुक्रवारी सकाळी बारमध्ये नेहमीची मंडळी होती. तार्चीझियो होता, एल्वेत्सिया बाई होत्या. काउंटरच्या टोकाला नाझारेना उभ्या उभ्या कॉफी घेत होती, वाचनालय उघडण्याआधी घेते तशी. मी सगळं सांगितलं. फ्रेंच, वर्तमानपत्र, मुखपृष्ठ, माळी, शनिवारचं ते वाक्य. सांगून झाल्यावर वाटलं, आता हे थुंकतील माझ्यावर, आणि थुंकलेलं बरंच.

एल्वेत्सिया बाईंनी छातीवर हात ठेवला. "पाहिलंत? याला म्हणतात मोठं मन! त्या बाईचं काम वाचावं म्हणून हा माणूस स्वतःला खोटा ठरवतोय!"

"बाई, खरंच येत नाही मला इंग्रजी."

"हो हो, तुम्हाला इंग्रजी येत नाही आणि मला बेरीज येत नाही!"

सगळे हसले, पण कसे, तर लाडानं. मी तार्चीझियोचा हात धरला. "तिच्या वहीत माझं नाव आहे. तारखेसकट. जाऊन बघ."

"डॉक्टर," तो हळू आवाजात, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "वही तिनंच लिहिलीय ना?"

आता इंग्रजी येत नाही हे सिद्ध कसं करायचं? पुस्तक उघडून अडखळत वाचलं असतं, तरी म्हणाले असते, काय सोंग वठवतात डॉक्टर! मी नाझारेनाकडे बघितलं.

तिनं कप खाली ठेवला. "राहू द्या, डॉक्टर. कशाला घसा कोरडा करता? शनिवारी मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. एवढी खोली भरली होती. एकानंसुद्धा म्हटलं नाही, की नाझारेना उगाच कमीपणा घेतेय."

ती वाचनालय उघडायला निघून गेली. मग तार्चीझियोनं खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या कपाशेजारी ठेवली. सगळे माझ्याकडे बघत होते, प्रेमानं बघत होते. मी किल्ली उचलून खिशात टाकली.