दाबलेलं कुलूप

१२ एप्रिल. गच्चीवर कुरडया घालत होते. खाली फाटकाच्या कडीला उघडं कुलूप अडकवलेलं होतं, ते दाबल्याचा खटका ऐकू आला. वाकून पाहिलं, तर धोतर नेसलेला एक म्हातारा शेजारचं कुलूप ओढून बघत होता. मी सोडून आमच्या कॉलनीतले सगळे सकाळच्या गाडीनं कामाला जातात. मग हा रोज दुपारी कुलपं चाचपत फिरताना मला वरून दिसायचा. का, ते मला कळत नव्हतं.

“बाबा, मला कोंडलं की तुम्ही. किल्ली आमच्या यांच्याकडं, ते येणार सहाला.”

तो चपापला. “घरात माणूस हाय व्हय? लोक घाईत कुलूप दाबत न्हाईत, बाई. गावाकडं मेंढरांच्या वाड्याची कडी बघायची सवय. पोराकडं येऊन महिना झाला, दुपारी इथं माणूसच दिसलं न्हाई.”

“आता दिसलं ना. मग मी बाहेर कशी पडू?”

“मंग म्या बी बसतो. माझ्याच हातानं कोंडलं.”

तो खरंच सहापर्यंत फाटकाबाहेर बसला. मी खाली येऊन फाटकाच्या आत लसूण सोलत, मेंढ्या कशा मोजतात ते विचारून घेतलं.

१३ एप्रिल. सकाळी मी कुलूप घरात नेऊन ठेवलं आणि फाटकाबाहेर दोन खुर्च्या टाकल्या.