भाजीपाल्याचं कव्हर

दुसऱ्याच्या पुस्तकाला न विचारता नवं कव्हर घालू नये, हे मला पन्नाशीत कळलं.

आमच्या क्युपर्टिनोतल्या शेजारच्या आजी मूळच्या तैपेईच्या. त्यांच्याकडे वडिलांची एक जीर्ण चिनी कादंबरी होती. बारीक अक्षर दिसेना, म्हणून ती स्कॅन करून टॅबलेटवर द्यायचं मी कबूल केलं. सॉफ्टवेअरवाल्याला तेवढंच जमतं. काम संपलं तरी उत्साह उरला. मग वरचं फाटकं खाकी कव्हर टाकून दिलं आणि दर जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालायचो तसं, कोपरे दुमडून, कडक नवं घातलं. वर लेबलही चिकटवलं.

आजींनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"जुना कागद?"

"टाकला. फाटला होता," मी शाबासकीच्या अपेक्षेने म्हणालो.

त्या खुर्चीत बसल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. चीनमधल्या यादवी युद्धानंतर वडील तैवानला आले, कादंबरीचा लेखक मात्र तिकडेच राहिला. तेवढ्यावरून तैवानात त्याच्या पुस्तकांवर बंदी आली. घरात सापडलं तर तुरुंग. म्हणून वडिलांनी खाकी कागद घालून त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'भाजीपाल्याची लागवड'.

"आणि तिकडे त्या लेखकाचं?"

"तिकडच्या सरकारने त्याचं लिहिणंच बंद केलं. आमच्याकडे वाचणारा घाबरलेला, तिकडे लिहिणारा." मग म्हणाल्या, "वडिलांची पत्रं आईने भीतीपोटी जाळली. त्यांचं अक्षर तेवढंच होतं माझ्याकडे."

कव्हर म्हणजे काही मजकूर नव्हे, म्हणून मी ते स्कॅनसुद्धा केलं नव्हतं.

रिसायकलिंगची गाडी यायला तासभर होता. मी घरी धावलो आणि अख्खा डबा ड्राइव्हवेवर ओतला. बायकोने कारण ऐकलं, मांडी घातली आणि कागद चाळू लागली. पिझ्झाच्या खोक्याखाली अर्धा तुकडा मिळाला. उरलेला नाहीच सापडला.

आजींनी त्यावरून बोट फिरवलं. "भाजीपाला आहे. लागवड गेली," म्हणाल्या, आणि तो तुकडा माझ्या नव्या कव्हरच्या आत सरकवला. मला चहा विचारला.

परतल्यावर आम्ही दोघांनी पसारा पुन्हा डब्यात भरला. झाकण लावताना बायको म्हणाली, "माझ्या बाबांची पत्रं स्कॅन केलीस ना, त्यानंतर ते कागद कुठे ठेवलेस रे?"