कण्याची वाट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नातीच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. कुणी वाचलंच तर चुकांकडे काणाडोळा करावा. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि हे पोटात ठेवून घास उतरत नाही.

आमचे हे जाऊन पाच आठवडे झाले. तेराव्याला रत्नागिरीहून दाऊदभाई आले होते, काठी टेकत. सौदीत आम्ही कामाला होतो त्याच मळ्यावर ते गाडी चालवायचे. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, असा माणूस परत व्हायचा नाय. तुमच्या हातची चूक, आणि दीड वर्षं पगार कापून घेतला स्वतःचा. तुमच्या कानावर शब्द येऊ दिला नाय." सगळे गहिवरले. जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही." मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडते आहे. मला राग आला होता. अजून आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात... म्हणू देत.

आमचं घर जिनगरांचं. सासरे बैलांची आणि घोड्यांची खोगिरं शिवायचे, ह्यांचाही तोच हात. तेलाचा पैसा तिकडे नुसता वाहत होता त्या वर्षांत हे सौदीला गेले, अबहा शहराकडच्या डोंगरात एका श्रीमंताच्या मळ्यावर, उंटांची खोगिरं दुरुस्त करायला. मालकाच्या घरातल्या बायकांना शिवणकाम करणारी हवी होती म्हणून वर्षभरात मलाही बोलावून घेतलं. मग एक दिवस विमानाने लामा नावाची सहा जनावरं आली. मालकाच्या पाहुण्यांचं सामान डोंगरावर न्यायला म्हणे. उंटासारखी मान, मेंढीसारखी लोकर, कुबड नाही. तिथला मुदीर, म्हणजे मळ्याचा कारभारी, ह्यांना म्हणाला, "उंटाचं करतोस ना? मग याचंही कर, यल्ला, चल लाग." पहिल्याच दिवशी एक लामा मुदीरच्या पांढऱ्या झग्यावर थुंकला. दाऊदभाई ह्यांच्या कानात म्हणाले, "आज पगारवाढ मागू नको हां."

ह्यांनी आठ दिवस नुसते हात फिरवून ती जनावरं पाहिली. मग खोगीर केलं ते असं, की कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन गाद्या आणि मधे बोटभर रिकामी वाट. ओझं बरगड्यांवर यावं, कण्याला काही शिवू नये. खोगीर चढवण्याआधी लोकर विंचरून एकेक कुसळ काढायचे. पोटाखालचा तंग असा आवळायचे की दोन बोटं आत जावीत. उतरवल्यावर आधी पाठीवर तळवा फिरवायचे. घाम सगळीकडे सारखा हवा. मधेच कोरडा डाग लागला, तर तिथे ओझं रुततंय. हे सगळं मी पाहत होते, गाद्यांचे टाके मीच घालत होते. पण मधली वाट कशाला, ते ह्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासरी मी एकच ऐकलेलं, खोगीर पोकळ राहिलं तर शिवणाऱ्याची अब्रू जाते. एका दुपारी हे गावात गेले होते. सहांतल्या एका पांढऱ्या मादीचं खोगीर पुढ्यात, मधे ती पोकळी. मला वाटलं, घाईत राहून गेली. मी त्यात लोकर ठासून भरली, वरून कापड लावलं आणि इतक्या बारीक टाक्यांनी शिवलं की भरलेलं कुणाला कळू नये. सांगितलंही नाही. म्हटलं, बघतील आणि खूश होतील.

दुसऱ्या पहाटे, हे परतायच्या आधीच, दाऊदभाईंनी ते तसंच चढवलं आणि पाहुण्यांबरोबर गेले. तीन दिवसांनी परत आले तेव्हा ह्यांनी खोगीर उतरवलं, तळवा फिरवला आणि तिथेच उभे राहिले. कण्यावर कोरडी पट्टी होती. ती सुजली, चिघळली. पांढरी मादी एकदा बसली ती उठलीच नाही. मुदीरने विचारलं, कुणी भरलं? हे म्हणाले, मी. दाऊदभाई शेजारी उभे होते. माझे टाके तेही ओळखत होते.

आणि घरी येऊन मला काय सांगितलं? "मुदीरने दुप्पट ओझं लादलं आणि माझ्यावर ढकललं. किंमत पगारातून कापणार." मी खरं धरलं. दीड वर्ष अर्ध्या पगारात काढलं आणि भाकरी थापताना रोज त्या मुदीरला शिव्या घातल्या. धाकटी झाली तेव्हा त्याची बायको दारात आली. हातात खजूर, बाळंतविडा म्हणून तलम कापड, आणि तोंडभर हसू. तिची भाषा मला येत नव्हती. मी तिच्या तोंडावर दार लावलं. जन्मात कुणाला उलट बोलले नाही, एकदाच धीर केला, आणि तो त्या निरपराध बाईवर. हे आत बसले होते. सगळं पाहिलं. उठून दार उघडलं नाही.

मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? रडले असते. जनावरासाठी रडले असते, ते बरोबरच होतं. मग शिकले असते. जनावराच्या पाठीला काय सोसेल ते ह्यांना तळव्याने कळायचं, बायकोला काय सोसेल ते कधी चाचपून पाहिलं नाही. न सोसणारी, असं आपणच ठरवून टाकलं. चाळीस वर्षं!

ते खोगीर हे सौदीहून येताना घेऊन आले होते. माळ्यावर होतं. सगळे गेल्यावर मी काढायला लावलं. माझे टाके जसेच्या तसे, एकही उसवला नव्हता. काल दाभण घेऊन बसले आणि सगळे उसवले. लोकर अजून घट्ट होती. आता मधून हात आरपार जातो.

पगारातली शेवटची कपात झाली तो दिवस मला आठवतो. हे लवकर घरी आले. पगाराचं पाकीट माझ्या हातात दिलं, पहिल्यांदाच जाड लागलं. म्हणाले, "खलास. सगळे फिटले." मी म्हटलं, "त्या मेल्या मुदीरचं वाटोळं होवो." हे भिंतीकडे तोंड करून सदरा काढत होते. "असं बोलू नये गं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, केवढं मोठं मन या माणसाचं.

तेव्हा तरी सांगायचं होतं. तेव्हा तर पैसेही पै न् पै फिटले होते.