पहिली फेरी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. माणूस सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हिशेब ठेवणारा, आणि स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा पोचलेला. यावरून आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. तेही हसत. आता ती टिंगल आठवली की मला माझाच राग येतो.

दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी ठोके दाखवणारं जे यंत्र असतं, त्यातला प्रोसेसर आमच्या विभागाकडे होता. त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अगदी तळाशी, माहिती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणारा एक प्रोग्रॅम असतो. अलार्म वाजवायच्या आधी तोच धावतो. काकांनी तो एकोणीस वर्षांपूर्वी त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, हाताने लिहिला होता. चारशे ओळी, वेग वाढावा म्हणून मुद्दाम लांबवलेल्या. तेव्हापासून दर नव्या आवृत्तीला त्याचा वेग मोजणं हे त्यांचं काम. मोजणी चालू असताना खोलीचं दार उघडायला बंदी होती. कुणी उघडलंच, तर काका पुन्हा पहिल्यापासून मोजत आणि उघडणाऱ्याशी दुपारपर्यंत अबोला धरत.

रीत ठरलेली होती. हजार फेऱ्या चालवायच्या आणि पहिली टाकून द्यायची. पहिल्या फेरीला प्रोसेसर सगळ्या सूचना लांबच्या मेमरीतून आणतो, म्हणून वेळ लागतो. नंतर त्या हाताशीच राहतात. "झोपेतून उठवलेल्या माणसाची शर्यत लावतात का?" काका म्हणायचे. आम्हाला ते पटायचं.

यंदा नवा कंपायलर आला. तो साध्या भाषेतला प्रोग्रॅम आपणहून यंत्राच्या भाषेत उतरवतो, तेही तीसेक ओळींत. साहेबांनी सरळ सांगितलं, काकांचा प्रोग्रॅम अजूनही वेगवान ठरला तर विभाग राहील, नाहीतर बंद. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आठवडाभर मोजणी झाली आणि काका दीडपट वेगाने जिंकले. सोमवारी अहवाल द्यायचा होता.

सोमवारी काका आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. काकू परिचारिका. रविवारी जेवताना काकांनी मोठ्या हौसेने त्यांना हजार फेऱ्यांची गोष्ट सांगितली. काकू हसून म्हणाल्या, "हजारदा कोण वाजवतं? आमच्याकडे तो अलार्म दिवसातून एखाद्या वेळी वाजतो."

"अरे, मधल्या वेळात हाताशी आणलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे तिथे प्रत्येक फेरी पहिलीच," काका मला म्हणाले.

त्यांनी दार लावून घेतलं आणि फक्त पहिली फेरी मोजली. चाळीस वेळा, दर वेळी यंत्र बंद करून. कंपायलरचा प्रोग्रॅम निम्म्या वेळात संपत होता. त्याच्या तीसच ओळी लांबच्या मेमरीतून आणायच्या होत्या, काकांच्या चारशे.

मी म्हटलं, "काका, साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. द्या तो पहिला अहवाल."

"एकोणीस वर्षं मी खरा आकडा फेकत आलो. माहीत नव्हतं तोवर ठीक होतं रे."

फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाहून कमी होता. त्याने कुणीही दगावलं नसतं. मी हे दहादा सांगितलं, शेवटी चिडून ओरडलोही. काकांनी अहवालात दोन्ही आकडे लिहिले आणि खाली, खरा आकडा पहिल्या फेरीचाच, असं लिहून सही केली. साहेबांनी प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं आणि महिन्याभरात विभाग गुंडाळला. मला दुसरीकडे घेतलं. काकांना घरी पाठवलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. काका खिडकीपाशी बसून होते. दाढी वाढलेली. काकू आता दोन पाळ्या करतात, त्या कामावर निघायच्या घाईत होत्या. चपला घालता घालता मला म्हणाल्या, "भाऊजी, हे काही सांगत नाहीत. मोजणीत ते खुसपट काढलं कुणी?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"ऑफिसातलंच कुणीतरी," मी म्हणालो.

"ज्याने काढलं ना, त्याचं कधी भलं व्हायचं नाही!"

"असं बोलू नकोस गं," काका एकदम म्हणाले. "अगं, त्याचं बरोबर होतं."

काकूंनी पर्स उचलली आणि त्या रडतच जिना उतरल्या.