आठ दिवस बोटीत, आठ दिवस खाचरात

पाण्यावर पाऊल टाकायचं तर विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? होडीवर, नावाड्यावर, की "चला हो, काही होत नाही" म्हणणाऱ्या दोस्तावर?

तो दोस्त म्हणजे मी! भोरला माझं तांदळाचं दुकान. बाकावर चहाला चार माणसं टेकली की किस्से पोत्यांसारखे थप्पीला लागतात. वरचं काढावं तर खालचं घसरतं. त्यात यंदा आम्ही जर्मनीपासून हंगेरीपर्यंत डॅन्यूब नदीनं, जहाजातून गेलो. थप्पी छताला टेकली!

* * *

आधी अडचण सांगतो. गुंजवण्याचे दगडूअण्णा होडीत बसत नाहीत. धरण भरलं त्या साली होडी त्यांना त्यांच्याच बुडालेल्या खळ्यावरून घेऊन गेली. तेव्हापासून होडी बंद! त्यांच्या बायकोचं, सुलावहिनींचं, माहेर पाण्यापलीकडं. वहिनी होडीनं वीस मिनिटांत पोचतात, अण्णा काठाकाठानं तीन तास चालत. वहिनींचं एकच मागणं, "एकदा तरी शेजारी बसा."

त्यांच्या लेकीनं दोघांची जहाजाची तिकिटं काढली, तरी अण्णा हलेनात. मी रोज मागं लागलो. शेवटी म्हणाले, "शेठ, आठ दिवस म्या तुमच्या बोटीत, आठ दिवस तुमी माज्या भाताच्या खाचरात. सावड!"

आमच्याकडं लावणीला एकमेकांच्या रानात दिवसाला दिवस फेडतात, ती सावड. मी जन्मभर तांदूळ विकला, लावला कधीच नाही. पण जोशात म्हटलं, "ठरलं!"

वहिनींनी तिथल्या तिथं सुतळी काढली. मी चिखलात राबेन त्या दर दिवसाला एक गाठ!

* * *

जहाज कसलं, पाण्यावरचं तीन मजली लॉजच! पहिल्याच दिवशी सगळ्यांना लाईफ जॅकेट घालून रांगेत उभं केलं.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "बगा! बुडवायचं ठरलंया, म्हून आदीच जाकिटं वाटत्यात!"

मग दोन दिवस खिडकीकडं पाठ करून बसले. जेवतानासुद्धा! वहिनी डेकवर एकट्याच उभ्या. आणून मीच बसवलेलं, मला ते बघवेना.

* * *

आमच्याबरोबर कांबळे गुरुजी होते. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण नीरेपलीकडं नदी पाहिलेली नाही. जहाज थांबलं तसे काठावर उतरले, झाडाचं एक पान पाण्यात टाकलं, खिशातून होकायंत्र काढलं आणि पानाबरोबर पन्नास पावलं चालत गेले.

परत आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. "पूर्वेलाच वाहते हो! पोरांना खोटं नाही शिकवलं!"

* * *

एका दुपारी जेवणात भात आला. माझी सवय! चार शितं उचलली, वास घेतला, बोटांत चिरडली, वेटरला म्हटलं, "माल जुना आहे, पण शिजवला घाईत."

आमच्या हिनं कोपर मारलं. "इथं गिऱ्हाईक तुम्ही आहात. गप जेवा!"

* * *

तिसऱ्या दिवशी नदीवर आडवी भिंत दिसली. धरण! मी म्हटलं, आता अण्णा केबिनला कडी लावणार! पण जहाज एका अरुंद हौदात शिरलं, मागचं दार मिटलं आणि पाणी उतरायला लागलं. आम्ही जहाजासकट खाली! खिडकीतली भिंत वर सरकताना दिसली तसे अण्णा धावत डेकवर.

"आवं, ही तर खाचरं हायती! वरच्या खाचरातलं पानी खालच्यात सोडत्यात!" कठड्यावरून वाकून ओरडले, "उगड रं म्होरली मोरी!"

आणि पुढचं दार उघडलं! कप्तानाला जणू त्यांच्याच हुकमाची वाट होती!

त्यानंतर अण्णांनी डेक सोडला नाही. वहिनी हळूच शेजारी येऊन बसल्या. अण्णा म्हणाले, "हितं बसलो म्हंजी तितं बसंन, आसं न्हाई हां!"

वहिनी म्हणाल्या, "म्या कुठं काय बोल्ली?"

* * *

पुढं गाईडनं सांगितलं, डावा काठ स्लोव्हाकियाचा, उजवा हंगेरीचा; सीमा नदीच्या मधोमध.

अण्णा चमकले. "म्हंजी बांद पान्यात? मग कोरतंय कोन?"

गुरुजी म्हणाले, "कुणीच नाही."

"शक्यच न्हाई!"

दिवसभर अण्णा दोन्ही काठांवर आळीपाळीनं नजर ठेवून होते!

* * *

जुलैत माझी सावड सुरू झाली. पहिल्या दिवशी मी लावलेली रोपं दुपारपर्यंत पाण्यावर तरंगली. अण्णा म्हणाले, "शेठ, तुमची रोपं बी क्रूझला निगाली!"

पाच दिवसांत सुतळीला पाच गाठी, कमरेत पंचवीस.

सहाव्या दिवशी सकाळी वहिनींच्या माहेरी बारसं होतं. पावसानं उघडीप दिली होती. होडी काठाला लागली. वहिनी बसल्या, नेहमीसारखी शेजारची जागा मोकळी ठेवून. अण्णा काठानं चालू लागले. दहा पावलं गेले, थांबले. परत आले, पायाचा चिखल धुतला आणि होडीत चढले.



वहिनींनी कमरेची सुतळी काढली, भराभर तीन गाठी मारल्या आणि माझ्याकडं फेकली. होडी निघाली. पाण्याच्या मध्यावर, बुडालेल्या खळ्याच्या जागी, थांबली. लांबून एवढंच दिसलं, की अण्णांनी वाकून पाण्यात हात घातला आणि वहिनींनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला.

मी खाचरात उतरलो नाही, घरीही गेलो नाही. सुतळी हातात घेऊन काठावर उभा.

ही बघा, अजून गल्ल्याशेजारी टांगलीय. गाठी आठ, दिवस पाच. आता हिशोब तुम्ही ठेवा. पण दोस्तांनो, इमानानं ठेवा!