पाठीची इस्त्री

लातूरच्या आमच्या कोचिंगवाल्या गल्लीत एक इस्त्रीवाले चाचा होते. भूकंपानंतर ते कधी स्लॅबखाली बसले नाहीत. टेबल कायम कडुलिंबाच्या झाडाखाली. वीज-कोळशाच्या कंपन्यांचे सौदे जुळवणाऱ्या मुंबईच्या बँकांत नोकरी मिळावी, म्हणून मी त्याच गल्लीतल्या मित्राच्या माडीवरच्या खोलीतून कंप्युटरवर मुलाखती देत होतो. चार नकार आले होते.

पाचव्या वेळी शर्ट देत म्हणालो, "चाचा, कॉलर अन् पुढची बाजू तेवढी करा. पाठ त्यांना दिसत नाही."

त्यांनी इस्त्रीतल्या निखाऱ्यांवरची राख फुंकली, शर्ट पालथा घातला आणि पाठीपासूनच सुरुवात केली.

"त्यांना न्हाई दिसत, बेटा. पण तिथून उठून तू माझ्यासमोरूनच घरी जातूस. मला तर दर वेळी पाठच दिसती."

मुलाखतीत विचारलं, कोळसा अजून किती वर्षं चालेल? मी घोकलेलं उत्तर दिलं. "कळवतो," म्हणाले, त्या आवाजावरूनच काय ते कळलं.

खाली उतरलो. चाचा इस्त्री फिरवत होते. मी थांबलो नाही. पण लिंब ओलांडला तसे खांदे ताठ केले, आणि गल्ली संपेपर्यंत पडू दिले नाहीत.